काचा बघणारी बहीण

बॉन्टेह्यूवेल, केप टाउन
२ सप्टेंबर २०१३

हेस,

जिवंत आहेस म्हणायची! पाकीट आलं तेव्हा मी कांदा चिरत होते. मागचा पत्ता वाचायची गरजच पडली नाही. तुझं अक्षर अजून तसंच आहे, वाऱ्यात उभं राहिल्यासारखं एका बाजूला कललेलं. मी इतकी खूश झाले की कुंपणावरून मर्लला ओरडून सांगितलं, "मर्ल, माझ्या बहिणीचं पत्र आलं!" मर्ल म्हणजे माझी शेजारीण. आमच्या मध्ये एकच कुंपण, तिचा कुत्रा माझ्याकडे झोपतो आणि माझ्या कोंबड्या तिच्या वाफ्यात अंडी घालतात. तर मर्ल म्हणाली, "तुला कुठली गं बहीण?"

बघ. आम्हाला क्लेअरमाँटमधून उठवून इथं आणून टाकलं तेव्हापासून ती माझी शेजारीण. माझी बाळंतपणं तिने काढली, माझ्या नवऱ्याचे डोळे तिने मिटले, पण मला बहीण आहे हे तिला ठाऊक नाही. एवढं तुझं गुपित मी सांभाळलंय, हेस. दगडाने सांभाळलं नसतं.

मग हात धुतले, चष्मा लावला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि पाकीट फोडलं.

"आदरणीय श्रीमती जेफ्थास."

आईने आपल्याला एका गादीवर वाढवलं. तू झोपेत लाथा मारायचीस, माझ्या पोटरीवर अजून खूण आहे. आणि मी आदरणीय श्रीमती? मला वाटलं वीज कंपनीची नोटीस चुकून तुझ्या अक्षरात आलीय.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तुला माहीत आहे. पुढे सगळा जन्म शिवणाच्या कारखान्यात कोटांना अस्तरं लावण्यात गेला. म्हणून तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला कळलं ते असं. तुझा नातू रुआन याला डॉक्टर व्हायचंय. गोऱ्यांच्या यादीत नंबर लागेना, म्हणून त्याने अर्जावर 'कलर्ड'च्या चौकटीत खूण केली. तीच चौकट, ना गोऱ्यांची ना काळ्यांची, जिच्यात सरकारने आपल्याला कोंबलं होतं आणि जिच्यातून तू उडी मारलीस. विद्यापीठाने विचारलं, पुरावा काय? तर पुरावा मी. मी पोलीस ठाण्यात जाऊन शपथेवर सांगायचं, की हेस्टर व्हॅन हीर्डेन ही जन्माची हेस्टर फोर्टुइन, माझ्याच आईबापाची पोर. ऑक्टोबर संपायच्या आत कागद पोचला तर त्याची जागा, नाहीतर गेली.

इथवर ठीक. माणसाला गरज पडली की माणूस आठवतं, त्यात नवल नाही. पण शेवटची ओळ! "कोबसला यातलं काही ठाऊक नाही आणि कळू नये, ही विनंती." कोबस तुझा मुलगा, त्या पोराचा बाप, माझा भाचा. त्याला ठाऊकच नाही की त्याची आई कोण! म्हणजे पोरगं कागदावर आमचं आणि जेवणाच्या टेबलावर त्यांचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. पण ताकवालीलाच 'मागच्या दाराने ओत, कुणी बघेल' असं सांगणारी तू पहिलीच.

बासष्ट साली वर्ण ठरवायच्या त्या कचेरीतल्या माणसाने तुझ्या केसांत पेन्सिल खोचली, ती घसरून खाली पडली, आणि तू गोरी झालीस. मी घरी येऊन माझ्या केसांत घालून पाहिली होती. ती अजून खाली पडायची आहे.

तरी मी नाही म्हणत नाही. देईन. पण रविवारी सकाळी ये, पाकातले कोसिस्टर वडे गरम असतात तेव्हा. पुढच्या दाराने ये. कोबसला घेऊन ये आणि त्याच्यासमोर मला बहीण म्हण. मग पोलीस ठाण्यात काय, मी बिशपसमोर शपथ घेईन.

तुझी (आणि पुन्हा श्रीमती म्हटलंस तर याद राख)
ट्रिन


१६ सप्टेंबर २०१३

हेस,

काल दार वाजलं. मी नवा एप्रन घातला होता, गालाला पावडर लावली होती. उघडलं तर तू नाहीस. ताडमाड उंच पोरगं, हातात फाइल आणि रस्कची पिशवी.

"आजीने पाठवलेत," म्हणाला. "चहात बुडवून खायला."

हो का? धन्य तुझी! इतक्या वर्षांनी बहिणीला सुका पाव.

गाडी त्याने चर्चपाशी लावली आणि चालत आला. मी विचारलं, "दारात का नाही आणलीस रे?" तर कान लाल झाले. हेस, ते कान! आपल्या बापाचे, पांचे कान. खोटं बोलायला लागले की आधी टोकं लाल, मग सगळेच. मी त्याचे दोन्ही कान धरले आणि हसत सुटले. बिचारा घाबरला.

शांद्रे घरी होती. माझ्या गेलेल्या मुलाची मुलगी. दिवसा दुकानात गल्ल्यावर बसते, संध्याकाळी कायदा शिकते. जीभ आईवर गेलीय. तिने त्याच्यापुढे बशी आदळली. पोराने एक कोसिस्टर उचलून तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अरे, हे तर आजीचे जर्मन वडे!"

"काय म्हणालास?"

"आजी नाताळात करते. असेच, पाकात बुडवून वर खोबरं. वाळवलेली संत्र्याची साल आणि बडीशेपही अशीच. तिच्या जर्मन आजीची कृती आहे ना. पण ती स्वयंपाकघराचं दार लावून करते, कुणाला आत येऊ देत नाही."

मी इतकी हसले की खुर्चीवरून घसरले. शांद्रे मला धरायला धावली. जर्मन आजी! आईने तुला तिच्या पोटाशी उभं करून पीठ मळायला शिकवलं, साल उन्हात कुठं ठेवायची म्हणजे माकडं नेत नाहीत ते शिकवलं, आणि तू ते उचलून जर्मनांना दिलंस! कातडी नेलीस ती नेलीस. ती तुझीच होती. पण आईचं पीठ का नेलंस? आणि नेलंस तर तिच्या नावाने का नाही तळलंस?

मग त्याने फाइल उघडली. कागद टाइप करून आणला होता, सही तेवढी बाकी. "हेस्टर ही जन्माने कलर्ड." पूर्णविराम. जन्मानंतर काय झालं याचा एक शब्द नाही. जणू तू जन्मलीस, कलर्ड निघालीस आणि थेट परवा नातवाच्या अर्जावर उगवलीस.

"अर्धाच आहे हा," मी म्हटलं.

"तेवढंच लागतं, मावशी."

"मावशी तुझ्या बापाची. तुझी मी आजी, ओमा. ओमा ट्रिन म्हण."

पोरगं गोड आहे, तेही सांगते. ओमा म्हणाला. मग हळूच म्हणाला, "माझे गुण चांगले आहेत हो. कातडीमुळे अडलंय. बाबा म्हणतात हा उलटा वर्णद्वेष आहे."

शांद्रे म्हणाली, "आणि आता कातडीमुळेच सुटणार, होय ना? सुलटा कसा असतो ते ठाऊक आहे का तुला?"

"मी कुणाचं काय वाईट केलंय? मी नियम केला नाही."

"कुणीच केलेला नसतो रे. सगळ्यांना आयताच मिळतो."

दोघं भांडायला लागले, कोंबड्यांसारखे. कोंबड्यांवरून आठवलं, मी त्याला म्हटलं, "हे बघ बाळा. मर्ल माझ्या कोंबड्यांना दिवसभर शिव्या घालते. माझं काय जातं? मीही तिच्या कुत्र्याला घालते. पण उद्या महापालिकेने बंदी आणली तर माझं खुराडंच जाईल. मर्लची शिवी आणि महापालिकेची बंदी, दोन्ही मला लागतात. पण एकीने कान दुखतो आणि दुसरीने घर जातं. तुझ्या बापाला विचार, त्याचं काय गेलं?"

पोरगं म्हणालं, "माझी तर जागाच जातेय, ओमा."

बरोबरच आहे त्याचं. उत्तर शांद्रेने दिलं. "मर्लआँटीच्या नातीने, जेलीनने, त्याच जागेसाठी अर्ज केलाय. एका खोलीत सहा जणं झोपतात, ती न्हाणीघरात बसून अभ्यास करते. तू खूण केलीस ना त्या चौकटीत, ती रिकामी नव्हती. तिथं जेलीन बसली होती."

कानांची लाली गळ्यापर्यंत उतरली. उठला, आपला कप आपण धुतला, उपडा घातला, आणि गेला. कागद इथंच आहे. मी सही केलेली नाही.

तू का नाही आलीस, हेस? गुडघे दुखतात म्हणून रुआन म्हणाला. माझे काय रेशमाचे आहेत?

ट्रिन


३० सप्टेंबर २०१३

हेस,

या वेळी 'प्रिय ट्रिन' लिहिलंस. बरं वाटलं. पुढचं वाचलं आणि रस्कची पिशवी उचलून मर्लच्या कुत्र्याला घातली. तोही वास घेऊन माघारी फिरला.

तू लिहितेस, "मी वीस वर्षांची होते आणि मला आगगाडीत गोऱ्यांच्या बाकावर बसायचं होतं, एवढंच." मलाही बसायचं होतं, हेस. पाय फक्त तुझेच दुखत होते का?

आणि लिहितेस, "एकट्या मला दोष देऊ नकोस. रस्त्यात तूही काचेकडे बघायचीस. तूही मला कधी हाक मारली नाहीस."

हो, बघत होते! तेव्हा सगळेच बघत होते. घरातलं एखादं पलीकडे गेलं, गोऱ्यांत मिसळलं, आणि गावात समोरून आलं, की आपण दुकानाच्या काचेकडे तोंड फिरवायचं. म्हणजे त्याला ओळख द्यावीही लागू नये आणि नाकारावीही लागू नये. 'काचा बघणारे' म्हणायचे तुम्हाला. पण खऱ्या काचा बघितल्या आम्ही. मला केप टाउनमधली एकूण एक दुकानं पाठ झाली, ती तुझ्यामुळे. टोप्या, सुटकेसी, चिनी मातीची कुत्री. घरात घेण्यासारखं काही नाही, पण डोळे फाडून बघतेय. घरच्यांनी तुझी चहाडी केली असती तर एका दिवसात तुझा नवरा, तुझं घर, तुझी बसायची जागा, सगळं गेलं असतं. कुणी केली? तुझ्या गोरेपणाची राखण मी केली, काळी असून. आणि तू तेच माझ्या तोंडावर फेकतेस!

आता ऐक. हे मी कधी लिहिणार नव्हते.

आई गेली त्या आठवड्यात मी तुला शोधत अॅडर्ली स्ट्रीटवर उभी होते. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तू खरेदीला येतेस हे मला ठाऊक होतं. तू आलीस. करडा कोट, कोबसचा हात धरलेला. तो तेव्हा नऊ वर्षांचा असेल. मला बघितलंस आणि गर्रकन टोप्यांच्या काचेकडे वळलीस. मी तुझ्या शेजारच्या काचेपुढे उभी राहिले. तिथं सुटकेसी होत्या. त्या दिवशीही मी तुझ्याकडे बघितलं नाही, नियम पाळला. सुटकेसींना सांगितलं, "आई गेली. शनिवारी दुपारी पुरणार आहोत. ती तुझं नाव घेत होती."

काचेत तुझं तोंड दिसत होतं, टोप्यांच्या मध्ये. एक स्नायू हलला नाही. कोबसने विचारलं, "आई, ती बाई कुणाशी बोलतेय?"

आणि तू म्हणालीस, "वेडी असेल. चल."

शनिवारी माती टाकताना सगळे खड्ड्याकडे बघत होते आणि मी फाटकाकडे. पाद्रीबाबाने दोनदा मला हाक मारली. बस, एवढंच. आईला विचारायचं असेल तर मला विचारू नकोस, ती त्या फाटकापासून तिसऱ्या रांगेत आहे.

गोऱ्या माणसाने कुणी मला वेडी म्हटलं असतं तर मी घरी येऊन पाच शिव्या घालून विसरले असते. म्हणणारी माझ्याच गादीवर झोपलेली होती.

शांद्रे मोठमोठे शब्द सांगते, सत्ता आणि रचना आणि काय काय. मला एवढंच कळतं. वर्णद्वेष रक्तात असता तर आपण दोघी सारख्याच राहिलो असतो. एक आई, एक बाप, एक गादी. तुला झाडाखालचं घर मिळालं आणि मला वाळूतलं. तुझा मुलगा इंजिनिअर झाला, माझा मुलगा माझ्या आधी गेला. मध्ये काय होतं? एक पेन्सिल आणि एक शिक्का. तो शिक्का मी मारू शकले असते का तुझ्यावर? मी नुसती काचेत बघू शकत होते.

रविवारी कोसिस्टर होते. तू आली नाहीस. मी सगळे गल्लीतल्या पोरांना वाटले.

ट्रिन


१४ ऑक्टोबर २०१३

हेस,

तू घाबरली असशील. रुआनचा फोन आला होता शांद्रेला. (त्या दोघांचं आता फोनवर भांडण चालतं, रोज. मला तर गंमतच वाटते.) तो म्हणाला, आजीने रेडिओ ऐकला आणि हातातली बशी पडली. म्हणून लिहिते, म्हणजे तुला नीट कळावं काय झालं ते.

मी बटाटे सोलत होते. सकाळचा तो फोनवर बोलायचा कार्यक्रम लावला होता. कुणीतरी माणूस भडकून बोलत होता, आणि माझ्या हातातून सुरी गळाली. पा! पांचा आवाज, हेस. तेच 'ऐका हो, ऐका जरा' म्हणून मध्येच श्वास घेणं. पा जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि ते माझ्या स्वयंपाकघरात बोलत होते. मी उभीच राहिले. इतका आनंद झाला की काय बोलतायत ते कानात शिरेना.

मग शिरलं. "ऐका हो, ऐका जरा. माझ्या मुलाने कुणाला गुलाम केलं नाही. वीस वर्षं झाली त्या गोष्टीला. आता आम्हालाच दाराबाहेर ठेवतात. हा उलटा वर्णद्वेष नाही तर काय?" निवेदक म्हणाला, "डरबनव्हिलचे कोबस व्हॅन हीर्डेन बोलतायत."

पांचा आवाज आणि हे शब्द! जणू कुणी पांना कबरीतून उठवून त्यांच्या तोंडी दुसऱ्याचे दात बसवलेत.

मी नंबर फिरवला. मर्ल बाजूला उभी, म्हणते, "ट्रिन, तू? रेडिओवर?" लागला लगेच. निवेदक म्हणाला, "बोला, बॉन्टेह्यूवेलच्या ट्रिन मावशी. कोबस अजून फोनवर आहेत."

मी म्हटलं, "कोबस साहेब, लहानपणी कुठं राहायचात?"

"क्लेअरमाँट. का हो मावशी?"

"कुठली गल्ली?"

त्याने नाव सांगितलं. आपल्या मागची गल्ली, हेस. पेरूचं झाड आहे ती.

"तुमच्या आधी त्या घरात कोण राहायचं?"

"मला काय माहीत? माझ्या वडिलांनी घाम गाळून घेतलं ते घर."

"गाळला असेल. मीपण त्याच भागात जन्मले. एक दिवस ट्रक आला, सामान टाकलं आणि आम्हाला वाळूत आणून सोडलं. घाम आम्हीपण गाळत होतो, साहेब. पण आमच्या घामाला तिथं राहायची परवानगी नव्हती."

"मला वाईट वाटतं, मावशी, खरंच. पण ते मी नाही केलं. मी पोर होतो."

"तुम्ही नाही केलं. तुम्हाला ते मिळालं. करणं वेगळं, मिळणं वेगळं. आता एक जागा मिळत नाही म्हटल्यावर रेडिओवर आलात. आमचं अख्खं गाव गेलं तेव्हा आम्हाला कुठला रेडिओ होता?"

मर्लने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

आणि मग, हेस, ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. 'तुझ्या आईला विचार, अॅडर्ली स्ट्रीटवरची ती वेडी बाई कोण होती.' तेवढंच म्हणायचं होतं. अख्ख्या केप टाउनसमोर. पहिल्यांदाच शिक्का माझ्या हातात होता. काय मजा असते गं त्यात! तुमच्या लोकांनी इतकी वर्षं तो खाली का ठेवला नाही ते मला त्या क्षणी कळलं.

कोबस म्हणाला, "मावशी? आहात ना?"

मी म्हटलं, "आहे. तुमचा आवाज माझ्या बापासारखा आहे."

तो हसला. पांसारखाच हसला, नाकातून. "तुम्ही तर मला लाजवताय, मावशी."

मग बातम्या लागल्या.

खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. जुनी सवय. पण या वेळी राग तुझ्यावर नव्हता, माझ्यावर होता. अजून किती दिवस मी सुटकेसींशी बोलायचं?

ट्रिन


२५ ऑक्टोबर २०१३

हेस,

तुझी चिठ्ठी मिळाली. "तू मला मारलंस जवळजवळ. आता तरी कागद पाठव. गुरुवार शेवटचा."

कागद झाला. तुझा टाइप केलेला नाही, माझा.

मंगळवारी मी आणि मर्ल पोलीस ठाण्यात गेलो. रांग ही लांब. मर्ल तिचं नेहमीचं रडगाणं गात होती, तेव्हा आपण पुरेसे गोरे नव्हतो आणि आता पुरेसे काळे नाही. खिडकीमागे सार्जंट नोमथा होती, काळी खोसा बाई, चाळिशीची, चष्म्यावरून बघणारी.

"बोला, मावशी. काय शपथेवर सांगायचंय?"

"की मला एक बहीण आहे."

"नातं?"

"सख्खी," मी म्हटलं, हेस. सरकारी कचेरीत मोठ्याने पहिल्यांदा म्हटलं. मर्ल माझ्याकडे बघतच राहिली.

मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. आईचं नाव, पांचं नाव, गादी. हेस्टर बासष्ट सालापासून गोरी. तिला गाडीत बसायला मिळालं, मला नाही. तिला आमच्या मागच्या गल्लीत घर मिळालं, आम्हाला तिथून उठवलं. तिचा मुलगा कोबस माझा भाचा आहे, त्याला हे ठाऊक नाही, आणि हा कागद तो वाचेल तेव्हा त्याने आधी पाणी प्यावं. रुआन गुणी पोरगा आहे, आपला कप आपण धुतो. त्याच्या घरी पोहायचा तलाव आहे. माझ्या शेजारची जेलीन न्हाणीघरात बसून अभ्यास करते. दोघांची आजी-पणजी एकाच चौकटीतली, पण दोघं एकाच रांगेत कधी उभी राहिली नाहीत. रक्त मी सांगितलं, आयुष्यही सांगितलं. जागा कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले आहात.

नोमथाने पेन खाली ठेवलं. "इतकं सगळं? विद्यापीठाला फक्त पहिल्या दोन ओळी लागतील."

"सगळं. अर्ध्याला मी हात वर करणार नाही."

तिने शिक्का मारला. मग हळूच म्हणाली, "तुम्हा लोकांत निदान उडी मारायला एक दार होतं, मावशी. माझ्या आजीने कुठल्या काचेत बघायचं होतं?"

मी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि आम्ही दोघी बसने परत आलो.

शांद्रे म्हणते, विद्यापीठाला पाठवू नकोस, त्या पोराने आमची जागा खाऊ नये. रात्री त्याच्याशी फोनवर तासभर बोलते ती, हे वेगळं. मर्ल दोन दिवस रुसली होती. काल माझी कोंबडी परत आणून दिली आणि म्हणाली, "जेलीनची जागा गेली ना, तर तुझ्या सगळ्या कोंबड्या मी कापून खाईन. तुझ्या बहिणीला आधी वाढीन."

पण मी कागद विद्यापीठाला पाठवलेला नाही. तुलाही पाठवत नाही. पोस्टावर सोडायला तो रस्क नाही.

तो माझ्या पुढच्या खिडकीत आहे. पडदा मी काढून टाकलाय. आतून चिकटपट्टीने चारी कोपरे पक्के केलेत, अक्षरं रस्त्याकडे. सकाळपासून गल्लीतले येऊन वाचून जातायत. मोठ्याने वाचतात, तिसरीपर्यंतचे माझ्यासारखे असतील ते बोट ठेवून वाचतात. आता मला बहीण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

रुआनला जागा हवी असेल तर तू ये. कोबसला हाताला धरून आण, त्या दिवशी धरला होतास तसा. गाडी दारात लावा. फाटक उघडं असेल. घरात यायची भीती वाटली तर येऊ नकोस, बाहेर उभी राहा. तुला सवय आहे. आयुष्यभर माझ्याकडे बघायला नको म्हणून तू काचांत बघितलंस, आता माझ्या काचेत बघ. वाच. आणि कोबसने विचारलं, 'ही बाई कोण?' तर या वेळी त्याला खरं सांग. मग मी स्वतः कागद काढून त्याच्या हातात देईन.

परवा रविवार आहे. पीठ उद्या संध्याकाळी भिजवते, आईच्या मापाने.

काच मी लख्ख पुसून ठेवलीय.

ट्रिन